पुस्तक सरांचं, उत्तरही सरांचंच

ती. ताईस, लांबूनच वाकून नमस्कार.

इथल्या हॉटेलातल्या किटलीत पाणी उकळतच नाही. अणुभट्ट्यांचं राजकारण शिकवणाऱ्या बाईला चहा कोमट मिळतो, हे भाऊजींना सांगू नकोस. आईचा गुडघा कसा आहे?

आज परिषदेत सरांचं भाषण झालं. माझा प्रबंध स्वतःच्या नावानं पुस्तक म्हणून छापणारे तेच सर. माझी नोकरी अजून त्यांच्याच सहीवर चालते. आईपाशी बोलू नकोस. श्रोत्यांतून कुणीतरी विचारलं, "एका देशानं इंधन देणं बंद केलं, तर भट्टी दुसऱ्याचं का घेत नाही?"

सर सवयीनं मंचावर शेजारी बसलेल्या माझ्याकडे वळले. "सांग गं."

"पुस्तक तुमचं, सर. मी मध्ये कशी बोलू?"

सगळं सभागृह वाट बघत राहिलं. सर घाम पुसत पुस्तक चाळू लागले.

मी पाण्याचा ग्लास हळूच त्यांच्याकडे सरकवला.

तुझीच,
धाकटी