नकाशातले संशोधन

वृंदावन योजना, लखनौ

चि. जुई,

पीएच.डी.साठी माझी निवड झाली! विषय नगरविकास आणि प्रादेशिक नियोजन, वय वर्षे छप्पन्न. सकाळपासून पाय जमिनीवर ठरत नाहीत. एवढे तुला फोनवर सांगेनच. पुढचे मात्र फक्त या कागदाला.

“बाबा, तिथे संशोधन नाही, शोध म्हणायचं,” असे तू दहादा बजावले होतेस. तरीही मुलाखतीत मी ठासून म्हणालो, “मुझे संशोधन करना है.” हिंदीत त्याचा अर्थ दुरुस्ती! हशा पिकला. अध्यक्षांनी माझी बी.कॉम.ची पदवी पाहत विचारले, “अच्छा? कॉमर्सवाले भाई साहब किसमें संशोधन करेंगे?”

माझे उत्तर तयारच होते. “नक्शे में, सर. चिनहट के आगे जो ज़मीन ख़ाली दिखाई है, वहाँ दो सौ चौदह घर हैं. मैंने ख़ुद गिने हैं.”

हशा थांबला. समितीतल्या एका प्राध्यापिकाबाईंनी घरांच्या नोंदींची माझी वही मागून घेतली, सावकाश पाने उलटली आणि म्हणाल्या, “तो आप संशोधन ही कीजिए. गाइड मैं बनूँगी.”

जुई, माझी चूक मला पूर्णपणे मान्य आहे. पण ती मी दुरुस्त करणार नाही.

तुझा विद्यार्थी,
बाबा