मागच्या बाकावर बसण्याची रीत

वर्धा, मार्च १९८७, सोमवार. सकाळी दोन तास घेतले. पहिल्या तासाला आमचा नवा प्राध्यापक माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसला होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "मस्त झाला सर तास. पोरं किती शंका विचारतात तुमाले." घरी येऊन भात लावला, पण जेवलो नाही.

सर, एकमेकांच्या तासाला बसण्याची ही रीत आमच्या गणित विभागात तुम्हीच, विभागप्रमुख असताना, सुरू केलीत. मी नवखा होतो, फळ्याकडे तोंड करून बोलायचो. तुम्ही स्वतः येऊन माझ्या वर्गात बसलात, तेव्हा स्टाफरूममध्ये तुमची टिंगल झाली, की म्हातारा पुन्हा कॉलेजात भरती झाला. तुमचा नियम एकच. "मास्तराकडे काय पाह्यतं? पोराइकडे पाह्यजो. अन् दिसलं ते तोंडावर सांगजो. मुलाहिजा करशील तं पुन्हा माह्या वर्गात येऊ नको." माझ्याबद्दल तुम्ही एवढंच म्हणालात, की पोरं उतरवून घेतात, त्यांना समजत काही नाही. मी आठवडाभर तुमच्याशी बोललो नाही. मग हळूहळू वर्गाकडे तोंड करून शिकवायला लागलो.

पुढे काही वर्षांनी, एका हिवाळ्यात, मी तुमच्या तासाला बसलोय. तुम्ही एक ओळ लिहिता, थांबता आणि तीच ओळ पुन्हा खाली लिहिता. माझ्या पुढच्याच बाकावरची मुलगी उठून विचारते, सर, इथे चिन्ह बदलेल का? तुम्ही म्हणता, शाब्बास, बदलेल, आणि पुढे जाता. थोड्या वेळानं दुसरा उठतो. मी पोरांकडेच पाहत होतो, तुम्ही शिकवल्याप्रमाणे. शंका विचारणाऱ्यांच्या वहीत उत्तर आधीच लिहिलेलं होतं. तुम्ही अडलात की ते पाळीपाळीनं उठत होते.

तास संपल्यावर तुम्ही विचारलंत. सांगायला मला वेळ लागला.

"सर, पोरं तुमाले सांभाळून घेऊन राह्यले."

तुम्ही हातावरचा खडू झटकत राहिलात. मग म्हणालात, "काऊन थांबला होता मंग? हेच तं पाह्याले बसवलं तुले." आणि जरा वेळानं, "चांगले पोरं आहेत."

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही वर्गावर गेला नाहीत. निवृत्तीला अवकाश होता, तरी राजीनामा दिलात आणि आंजीला गावी गेलात. पुढचा हिवाळा तुम्ही पाहिला नाहीत. तेरवीला आलो तेव्हा काकूंनी मला बाजूला बोलावून सांगितलं, "दुपारी ओसरीत बसून मोठ्यानं शिकवत होते, भाऊ. समोर कोणी नाई. मी बसली तं म्हणे, तुह्या काही शंका नाईत का?"

मी खोटं बोललो असतो तर तुम्हाला ते कळलं असतं. एवढ्याच समाधानावर मी इतकी वर्षं राहिलो.

आज त्या नव्या प्राध्यापकाला विचारायला हवं होतं, शंका विचारणाऱ्यांच्या वहीत काय होतं. ते विचारलं नाही. उलट म्हणालो, आता परीक्षा आल्या, यापुढे माझ्या तासाला बसू नका. तो बरं म्हणाला. माझी नोकरी अजून बरीच बाकी आहे, सर, आणि घरी ऐकायला कोणी नाही.

हे लिहिलेलं कुठं पाठवायचं नाहीच. सायकलच्या मागच्या चाकात हवा कमी होती. अंगणात नेऊन भरली.