उचललेले शिंपले

चार्ल्सटन, शनिवार

प्रिय आई,

मी सुखरूप आहे. जेवण भरपूर आहे, भात मात्र तुझ्या हातच्यासारखा मोकळा नाही. तुझे गुडघे कसे आहेत?

कृष्णवर्णीय पत्रकारांच्या या परिषदेत मी आपल्या दफनभूमीबद्दल बोलले. पुढच्या शुक्रवारी मोजणीदार येणार आणि कबरी दिसल्या नाहीत तर तिथून रस्ता जाणार, हे सांगितलं. ओडेलाबाई नावाच्या म्हाताऱ्या पत्रकार बाईंनी विचारलं, "पोरी, कबरींवरच्या शिंपल्यांचे, पेल्यांचे फोटो काढलेस ना? आपल्या लोकांना कोरीव दगड कुठले मिळायला! तीच आपल्या कबरींची खूण."

शिंपले उचलले गेले आणि फोटो एकही नाही, हे मी कबूल केलं. मोजणीचे साहेब येण्याआधी कबरींवरचा तो कचरा उचलून घ्या, असं तुला आणि चर्चमधल्या बायकांना मीच फोनवर सांगितलं होतं. घरातली पहिली पदवीधर ना मी!

"मग आता आम्ही लिहायचं तरी कशाच्या जोरावर?" बाई हळूच म्हणाल्या.

आई, तुझं काही चुकलं नाही. शिंपल्या-पेल्यांनी भरलेल्या टोपल्या तेवढ्या टाकू नकोस, सगळं परत ज्याच्या त्याच्या कबरीवर मांडायला हवं. आजीच्या कबरीवर कुठला पेला होता, आठवतं तुला? मला आठवत नाही गं.

तुझ्या कुशीत यावंसं वाटणारी,
जेनेल