गोठा, नमुना आठप्रमाणे

६ जानेवारी २०२५, सकाळी ९

नव्या वर्षाचा संकल्प: रोज पहाटे पाचला उठणे, रोज रोजनिशी लिहिणे. आज सहावा दिवस, पहिली नोंद. थंडी फार होती.

ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली आहे. आमच्या पांदणीला, म्हणजे शेतरस्त्याला, लागून जो माळ आहे, तिथे दगडाची खदान आणि गिट्टीचा क्रशर होणार. हिंगणघाटच्या कोण्या पार्टीने अर्ज केलाय. हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी कळवावे. खाली बारीक अक्षरात: दोनशे मीटरच्या आत वस्ती असल्यास परवानगी देता येणार नाही.

बिचारे. त्यांना माहीत नाही की त्या माळाशेजारी बबनराव राहतो. तहसीलमध्ये चौतीस वर्षे, अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त. अर्ध्या तासाचे काम आहे.

देवकाबाईंना सांगितले. आमच्या मंडळी शेतात पालक, वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर करतात आणि वडनेरला बसून विकतात. म्हणाल्या, "अर्ध्या तासाचं हाये त आताच लिहा ना." बायकांना ड्राफ्टिंगमधले काही कळत नाही. उद्या.

७ जानेवारी

पेनात शाई नव्हती.

दुपारी शेजारचे बंडूजी आले. त्यांचीही भाजीचीच शेती. चेहरा उतरलेला. म्हणाले, "भाऊ, धूळ बसली त सांबार कोन घेईन? अन् सुरुंग लावले त विहिरीचं पानी राहीन काय?" मी म्हटले, तुम्ही घरी जाऊन झोपा, कागद माझ्याकडे सोडा. त्यांना फार बरे वाटले. पांदणीवरच्या पाचही घरांत माझ्या शब्दाला असाच मान आहे.

कृती समिती स्थापन केली. अध्यक्ष मी. लेटरहेड छापायला टाकले.

१५ जानेवारी

मधले दिवस लेटरहेडच्या प्रुफात गेले. शिवाय काल संक्रांत. तिळगूळ जास्त झाल्याने पोट ठीक नाही.

तरीही आज मोजणी केली. टेपचे एक टोक बंडूजींच्या हातात, दुसरे माझ्या. आमच्या व्हरांड्यापासून खदानीच्या खुणेच्या दगडापर्यंत एकशे त्रेचाळीस मीटर. पाचही घरे दोनशेच्या आत. केस इथेच संपली. समोरच्या पार्टीबद्दल जरा वाईटसुद्धा वाटले.

देवकाबाई भाजीच्या जुड्या बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कागदावर काय हाये ते एकदा पाहून घ्या." मी हसलो. या घराचे सगळे कागद मी स्वतः केलेत.

२२ जानेवारी, रात्रीचे जेवण व्हायचे आहे

हरकत अर्ज तयार. अकरा पाने. पहिली चार पाने माझ्या सेवेचा तपशील, म्हणजे वाचणाऱ्याला कळावे की कोणाशी गाठ आहे. पाचव्या पानावर खदान येते.

अंकिताला फोनवर वाचून दाखवला. लेक सिंदी मेघेला असते, तिथल्या शाळेत शिकवते. दुसऱ्या पानावर म्हणाली, "बाबा, एक पान पुरते." नव्या पिढीला पेशन्स नाही.

३ फेब्रुवारी

मुदतीच्या दोन दिवस आधी अर्ज दाखल. असे टायमिंग अनुभवानेच येते.

ऑफिसात ओळखीचे कोणी राहिलेले नाही. माझ्या टेबलावर आता प्रिंटर आहे. खिडकीवरची मुलगी म्हणाली, "काका, रांगेत या." रांगेत उभा राहून मी तिला या ऑफिसचा इतिहास सांगितला. पोचपावतीवर तिने शिक्का उलटा मारला.

१० फेब्रुवारी

आमच्या गावच्या तलाठी समीक्षा मॅडमचा फोन. मुलगी हुशार आहे, मला 'सर' म्हणते. म्हणाली, सर, वस्ती आहे असे लिहिलेय तर घराचा नमुना आठचा उतारा जोडा.

ग्रामपंचायतीत गेलो, उतारा काढला.

मालमत्तेचे वर्णन: जनावरांचा गोठा.

मी क्लार्कवर चिडलो. त्याने मूळ अर्ज काढून समोर ठेवला. अक्षर माझे होते.

तीच तारीख, संध्याकाळी

आठवले. २०१३. शेतात घर बांधायचे तर अकृषक परवानगी लागते, नकाशे लागतात, सहा महिने खेटे. गोठ्याला काहीच लागत नाही. मी एका दुपारी फॉर्म भरून मोकळा झालो. वास्तुशांतीला सरपंचांनी सर्वांसमोर म्हटले होते, डोकं असावं तर बबनरावांसारखं. तेव्हा मी खूश होतो. इतका खूश की पांदणीवर ज्याने ज्याने नंतर घर बांधले, त्या प्रत्येकाचा फॉर्म मीच भरला.

बंडूजींचा गोठा. चिंधूचा गोठा. रूपरावांचा दोन मजली गोठा.

म्हणजे कागदाप्रमाणे या माळाशेजारी माणूसच राहत नाही.

मला भीती वाटली. लिहून ठेवतो, वाचणारे कोणी नाही. देवकाबाईंना सांगितलेले नाही. योग्य वेळी सांगीन.

१२ फेब्रुवारी

थंड डोक्याने विचार केला.

घर म्हटले तर विनापरवानगी बांधकाम. नोटीस आपल्यालाच. गोठा म्हटले तर वस्ती नाही. खदान मंजूर.

साधा माणूस इथेच हात टेकेल. मी तिसरा रस्ता काढला. गोठाच म्हणायचे, आणि हरकत जनावरांच्या वतीने घ्यायची. धुळीने दूध आटते, सुरुंगाने म्हैस गाभडते. वस्तीवर बोलणारे शंभर असतात, म्हशीवर कोणी बोलत नाही. पुरवणी अर्ज लिहिला, सात पाने. वस्तीचा मुद्दा मागे घेत असल्याचे त्यात सुबकपणे नमूद केले.

अडचण एकच. पाचही गोठे मिळून म्हैस एक आहे, ती बंडूजींची.

१८ फेब्रुवारी

स्थळ पाहणी २४ तारखेला. अधिकारी स्वतः येणार.

बंडूजींच्या अंगणात मीटिंग घेतली. अध्यक्षपद माझ्याकडेच. सगळ्यांना सगळे सांगावेच लागले. मग रूपराव म्हणाले, "मंजे आमी इतके वर्सं गोठ्यात राहून राह्यलो?" मी म्हटले, कागदोपत्री. बंडूजींच्या मंडळी वच्छलाबाई पदराने डोळे पुसत होत्या. त्या बहुतेक चुलीजवळून आल्या असाव्यात.

धोरण जाहीर केले. त्या दिवशी प्रत्येक घर गोठा दिसले पाहिजे. डिश काढायची, पायपुसणी उचलायची, दारातले तोरण उतरवायचे. बंडूजींची म्हैस आमच्या व्हरांड्यात, कारण आमचे घर सर्वात जवळ. अधिकारी पुढे सरकले की मागच्या बाजूने तीच म्हैस दुसऱ्या घरी न्यायची.

देवकाबाई भिंतीशी बसून ऐकत होत्या. घरी आल्यावर एवढेच म्हणाल्या, "तुळस मी हालवनार नाई." मी म्हटले, तुळस राहू द्या, गोठ्याजवळही असते.

लाज वाटली का? थोडी. पण ते मॅनेजमेंटचे टेन्शन असणार.

२३ फेब्रुवारी

रंगीत तालीम. म्हैस व्हरांड्याच्या टाइल्सवर दोनदा घसरली. बंडूजी मला न विचारता तिच्याखाली गोणपाट घालून गेले. बाकी उत्तम.

२४ फेब्रुवारी, सकाळी ८

सर्व तयारी पूर्ण. जुना सदरा घातला, हातात चारा. आज काय होणार ते मला आधीच माहीत आहे.

तीच तारीख, दुपारी ४

सविस्तर लिहितो, नाहीतर पुढे लोक काहीही सांगतील.

अकराला आले. दोन अधिकारी आणि समीक्षा मॅडम. खदानीच्या पार्टीचा माणूसही होता, गॉगल लावलेला. मोठ्या साहेबांनी विचारले, इथे कोणी राहते का? मी ठाम आवाजात सांगितले, नाही साहेब, गोठा आहे. गॉगलवाल्याने मान हलवली आणि मोबाईलमध्ये फोटो काढला.

त्याच वेळी आत कुकरची शिट्टी झाली.

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, म्हशीची सरकीची ढेप शिजते आहे. दुसरी शिट्टी झाली. तिसरीही झाली. वरणाला आमच्याकडे तीनच लागतात.

समीक्षा मॅडम भिंतीकडे बघत होत्या. तिथे पाटी होती. 'बबनराव, सेवानिवृत्त अव्वल कारकून.' मी सगळ्यांच्या पाट्या काढायला लावल्या होत्या, माझी राहिली. रोज बघून बघून ती दिसेनाशी झाली होती. मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, कागदात काय हाये ते आमाले माहीत हाये. आमी इथं कोन राह्यते ते विचारून राह्यलो."

मी यावर एक तांत्रिक मुद्दा मांडणार होतो. तेवढ्यात आतून देवकाबाई आल्या. हातात चहाचा ट्रे. चांगले कप, पाहुण्यांचे. म्हशीच्या बाजूने वळसा घालून आल्या, साहेबांना कप दिला आणि म्हणाल्या, "मी राह्यतो इथं. बारा वर्सं झाले. या घरात माया पोरीचं लगन झालं. लिहून घ्या."

मी खूण केली. त्यांनी बघितले नाही.

साहेब म्हणाले, बाई, असे लिहिले तर बांधकामाची नोटीस येईल तुम्हाला. त्या म्हणाल्या, "येऊ द्या. चूक आमची हाये, आमी निस्तरू. पन खदान झाल्यावर आमी कोनाले सांगाचं, का आमी जनावरं नोतो म्हनून?"

मग कुंपणापाशी उभ्या असलेल्या वच्छलाबाई म्हणाल्या, "मी बी राह्यतो." मग चिंधू. मग दोन मजली रूपराव. शेवटी बंडूजी आले आणि मला म्हणाले, "भाऊ, म्हैस सोडतो मी. तहानली असन."

सगळे घरात बसून समीक्षा मॅडमपुढे एकेक नाव सांगत होते. म्हैस गेली तरी मी बराच वेळ व्हरांड्यातच होतो. हातात चारा तसाच होता.

२५ फेब्रुवारी

देवकाबाईंशी बोलत नाही. त्यांच्या लक्षात आलेले दिसत नाही. सकाळी वांगी घेऊन वडनेरला गेल्या.

घर पाडले तर? हे घर मी बांधले. विटा मोजून घेतल्या, पाणी मारायला रोज ऑफिसातून लवकर निघालो. गोठा म्हणताना जीभ अडखळली होती, ते कोणी पाहिले नाही.

१७ मार्च

ऊन वाढले.

निकाल आला. खदानीचा अर्ज नामंजूर. कारण: प्रत्यक्ष पाहणीत दोनशे मीटरच्या आत पाच कुटुंबांची वस्ती आढळली. पाचही घरांना नोटीस: बांधकाम नियमित करून घेण्यासाठी तीन महिन्यांत अर्ज करावा. पाडण्याचा शब्द कुठेही नाही. मी नोटीस चारदा वाचली.

एकंदरीत, माझ्या नेतृत्वाखाली लढा यशस्वी.

संध्याकाळी पाचही घरची मंडळी आमच्याकडे. बंडूजींनी हार आणला होता. मी सदरा बदलून येईपर्यंत तो देवकाबाईंच्या गळ्यात होता. ठीक आहे. घरातल्या घरातच आहे.

मी सर्वांना सांगितले की नियमितीकरणाचे फॉर्म माझ्याकडे आणून द्या, एका दुपारचे काम आहे. सगळे एकदम चहा प्यायला लागले. मग वच्छलाबाई म्हणाल्या, अंकिता रविवारी येणार आहे, तिच्याकडूनच भरून घेऊ.

२० मार्च

पाहणी अहवालाची नक्कल मागवली होती. माझ्या अठरा पानांबद्दल काय लिहिलेय ते पाहायचे होते. आज मिळाली. मजकूर उतरवून ठेवतो.

'घर क्रमांक १. राहणार: देवकाबाई, व्यवसाय भाजीपाला शेती. सदर घराच्या व्हरांड्यात एक म्हैस व म्हशीची देखभाल करणारा एक इसम आढळून आला. सदर इसमाने आपण येथे राहत नसल्याचे सांगितले.'

खाली साक्षीदार म्हणून चार सह्या. तिसरी बंडूजींची.

दुरुस्तीचा अर्ज करावा लागेल. उद्या लिहायला घेतो. राहत असल्याचा पुरावा काय जोडावा याचा विचार करतो आहे. वीज बिल देवकाबाईंच्या नावावर आहे, शेतही. पाटी पुरावा म्हणून चालत नाही.

देवकाबाईंनी नक्कल हातातून घेतली, चष्मा लावून सबंध वाचली. आत गेल्या. थोड्या वेळाने तीन शिट्ट्या झाल्या. मग आतून विचारले, "इसम जेवनार काय?"

जेवलो.