हातावरची खूण

८ सप्टें., सोम.
माझ्या जेनेटिक्सच्या प्रोजेक्टसाठी घेतलेल्या आबांच्या लाळेचा डीएनए रिपोर्ट आला. दोनदा तपासला. निम्मं रक्त गोऱ्यांचं. ओहायोत सावत्र भाऊ निघाला, वॉल्टर. दोघांचा बाप एकच; दुसऱ्या महायुद्धात मुंबईला आलेला अमेरिकन शिपाई. आबांची आई, म्हणजे माझी पणजी, तेव्हा लष्कराच्या तळावर मासळी विकायची.
आबा म्हणाले, "म्हंजे राईवाले खोटं बोलत नव्हते." राईत, त्यांच्या गावात, त्यांना अजून 'गोऱ्याचा'च म्हणतात.

९ सप्टें.
पितृपक्ष. मम्मीने पणजीचं पान वाढू का विचारलं. आबा: "त्या बाईचं नाव या घरात न्हाय." मरताना ती पाणी मागत होती, आबा ओट्यावर बसून राहिले. थोरला मुलगा असून अग्नीही दिला नाही. हे ते अभिमानाने सांगतात.
मला म्हणाले, "त्या भावाला इचार, खुशीनंच गेलेली ना?" उत्तर त्यांनी आधीच ठरवलेलं.

१४, रवि.
वॉल्टरशी व्हिडिओ कॉल. प्रेमळ म्हातारा. त्याच्या बापाच्या अंगठ्याखाली दातांची खूण होती. नाताळात दारू चढली की पोरांना दाखवायचा. म्हणायचा, इंडियातली मासळीवाली चावली, दोघांनी तिला धरली तेव्हा कुठे हात सुटला. सांगताना वॉल्टर हसला. 'दोघांनी'? परत विचारलं. हो, दोघांनी.
आबा शेजारीच. "काय हसतोय? आयचं काय बोलला?"
मम्मी मान हलवून नको म्हणत होती. मी शब्द न बदलता सांगितलं.

१५
आबा जेवले नाहीत. मम्मी: "खोटं बोलली असतीस तर डिग्री गेली असती तुझी?"
संध्याकाळी आबा एवढंच म्हणाले, "चावली ना? मंग मला का पाजला?"

१७
आबांचा गावचा धाकटा भाऊ आला. त्याला सगळं माहीत होतं. "दादूस, आयनंच शपथ घातलेली. बोलली, त्याला माझा राग येऊं दे, सोताचा नको."
आबांनी त्याला घराबाहेर काढलं. चपला मागून फेकल्या.

२०, शनि.
उद्या सर्वपित्री. पानाचं मम्मीने परत विचारलं. आबा दाढीचं सामान शोधायला उठले.
उद्याच वॉल्टरचा कॉल. त्याला 'ब्रदर'शी बोलायचंय. आबांनी दाढी करून घेतली. "मी बोलेन तसंच सांग त्याला. मला सांगितलंस तसं."
म्हटलं, त्याची तब्येत नाजूक आहे.
"आन् तिची कुणी इचारलेली?"
वॉल्टरला कॉलची लिंक पाठवली.