गुरुजी रडतात चांगले

नांदूरघाट,
गुरुवार

पवन भावजींस मनकर्णावहिनीचा सप्रेम जय भीम.

तुमची शुगर आता आवरली असेल. नसेल तर पंचशीलाला म्हणावं, डबे कुलपात ठेव. आमच्याकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. फोनच केला असता, पण घर दोन खोल्यांचं, आणि तुमच्या भावाचे कान अजून हेडमास्तरचे आहेत. (मागच्या पत्रात लाल शाईने दुरुस्त्या कुणी केल्या, असं तुम्ही विचारलं होतं. या घरातून जाणारं प्रत्येक पाकीट ते वाफेवर उघडतात, चुका काढतात आणि पुन्हा चिकटवून स्वतःच पोस्टात टाकतात. रिटायर झाल्यापासून त्यांना दुसरा वर्ग नाही.)

त्यांच्या प्रोस्टेटच्या गाठीचं तुम्हाला माहीत आहेच. गाठ पुरुषी हार्मोनवर पोसते, म्हणून ते हार्मोन बंद करायचं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी बीडला घ्यायचं. गाठ दबली. पण भर थंडीत त्यांच्या अंगातून वाफ निघायला लागली. कुकरची शिट्टी झाली की छातीवर हात ठेवून उभे राहतात. गल्लीत फटाका वाजला तर तळहाताला घाम. वर्गात नाग निघाला तेव्हा आधी हजेरी पूर्ण करून मग मुलांना बाहेर काढणारा हा माणूस. मला आयुष्यभर घाबरट म्हणत आला. (मी आहेच. पण त्यांच्या धीरावर माझी भीती कशी निवांत चालली होती.)

बीडच्या डॉक्टर योगिता वयाने आपल्या मुलीसारख्या. त्यांनी नीट समजावून सांगितलं. म्हणाल्या, प्रत्येकाच्या अंगात धोक्याची एक घंटा असते. ती वाजली की छाती धडधडते, घाम फुटतो. पुरुषाच्या हार्मोनने ती बऱ्याचदा थोडी दबून वाजते. बाईच्या अंगात तिची तऱ्हा वेगळी, महिन्याच्या दिवसांप्रमाणे कमीजास्त. हार्मोन एकदम गेलं की घंटा उघडी पडते, काका. रडूही लवकर येईल. यातलं सगळं अजून आम्हालाही कळलेलं नाही. तुमचे भाऊ भिंतीवरचा तक्ता बघत होते. उभा जन्म ज्याला आपला स्वभाव समजलो, तो कुणीतरी सुईने काढून घेतला, असा चेहरा. मग मी माझं विचारलं. छत्तिसाव्या वर्षी माझी पिशवी काढली, त्यानंतर मला हेच सगळं होत होतं, ते कसं? बाईंनी विचारलं, अंडाशयंही काढली होती का? मला तेव्हा पिशवी काढली एवढंच सांगितलं होतं. पिशवीबरोबर काय काय गेलं, ते मी विचारलं नव्हतं.

परत येताना वाटेत एसटी थांबली, तेव्हा ते खाली उतरले आणि माझ्यासाठी उसाचा रस घेऊन आले. बर्फ जास्त घालून. माझी वाफ निवून वीस वर्षं झाली, आणि बाहेर हुडहुडी. पण मी प्यायले.

आता मुख्य फजिती. आपल्या समाजात कुणी गेलं की पुण्यानुमोदनाला आदरांजलीचं भाषण तुमच्या भावाचं, हे पंचक्रोशीत ठरलेलं. कोरडं बोलतात, वेळेत संपवतात, मयताला उगाच मोठा करत नाहीत. मागच्या महिन्यात गल्लीतला बाळू गेला. विहाराच्या भोंग्यावरून त्याचं नि यांचं वीस वर्षं बोलणं नव्हतं. त्रिशरण-पंचशील झालं, हे उठले, ‘बाळू हा’ एवढं म्हणाले आणि रडायला लागले. साधंसुधं नाही, खांबाला धरून. बाळूची बायको तोवर शांत बसली होती. आपलं नेमकं काय गेलं म्हणून तीही घाबरून रडू लागली. मागे दोघं बोलत होते, ‘आपल्याला बाळू कळलाच न्हाई बे. लई मोठा माणूस असंल.’

तेव्हापासून बोलावणी थांबत नाहीत. तेलगावहून एक जण आला, म्हणाला, ‘गुरुजीलाच पाठवा, माय. दुसरे नुसतंच बोलतेत. गुरुजी रडतात चांगले.’ पलीकडच्या आळीतल्या सुंदररावांच्या तेराव्यालाही यांना गाडी आली. तिथे सख्खा मुलगा मोबाइल बघत होता आणि हे शालीत तोंड लपवून हुंदके देत होते. (शाल सुंदररावांच्या घरच्यांनीच घातली होती. चांगली आहे.)

त्या रात्री मला म्हणाले, पुढचं इंजेक्शन घेणार नाही. मी जसा होतो तसाच मला जाऊ दे. डॉक्टर सांगतात, इंजेक्शन सोडलं तर गाठ हाडात उतरेल. हेही त्यांना मी शांतपणेच सांगितलं. आता घरात शांत राहायचं काम माझ्याकडे आलं आहे, आणि मला त्याची सवय नाही.

पंचशीलाला आणि मुलांना आशीर्वाद. लोणचं पोचलं का, ते कळवा.

तुमची वहिनी,
मनकर्णा

ता. क. : लोणच्यासाठी लिहिलं नाही. सोमवारी इंजेक्शन आहे, त्याआधी या. त्यांच्या खाटेवर बसा आणि एकदा त्यांच्यादेखत रडा. तुमचं हार्मोन अजून जागेवर आहे, त्यामुळे तुमचं रडणं मोजलं जाईल. मी रडून पाहिलं. म्हणाले, तुझं धरत नाहीत. कशावर रडायचं ते तुम्ही बघा. आई गेल्या तेव्हा तुम्ही दोघंही रडला नव्हता. ते असेलच शिल्लक.

पुन्हा ता. क. : आज टाकलेलं पत्र सोमवारच्या आत भावजींना मिळत नाही, हे मला माहीत आहे. अहो, वाचून झालं ना? चुका काढल्या असतील तर पाकीट चिकटवा. टाकलंत तरी चालेल, नाही टाकलंत तरी चालेल. सोमवारी पहिल्या गाडीला मी तुमच्याबरोबर येणार आहे, डबा दोघांचा करते. आणि रात्री अंधारात एकटे उठून बसू नका. घंटा वाजली की मला उठवा. माझ्या ओळखीची आहे ती.