या वाणाचं नाही

अग्रहार, म्हैसूर
१६ सप्टेंबर २०२४

चि. संकर्षण यास तुंगाअक्काचे अ. उ. आ.

फोन उचलत नाही म्हणून चिडलायस होय रे? अरे, फोन वाजला की हे दचकतात आणि माझ्यासमोर येऊन निरखत उभे राहतात. त्यापेक्षा कागद बरा. पुण्यात बसून उंदरांचे मेंदू बघायला तुला वेळ मिळतो, तर बहिणीचं अक्षर वाचायलाही काढ.

यांचं विसरणं वाढलंय, पण सांगायचंय ते वेगळंच. कृष्णराजनगरकडे बियाण्याच्या भातशेतातून जन्मभर भेसळीची रोपं काढली ना, तेच काम आता घरात सुरू झालंय. ओळीनं चालतात, एकेका वस्तूपाशी थांबतात, चाचपतात. ओळख पटली नाही की म्हणतात, या वाणाचं नाही. मग रोप उपटून बांधावर टाकावं तसं ते उचलून बाहेर जगलीवर, दारच्या कट्ट्यावर ठेवून येतात. आधी तांब्या गेला, मग समई. काल नमिताचा फोटो. पोटच्या पोरीचा! अय्यो, आधी मला हसू आलं बघ, मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

तोंडावर राग नसतो रे. इतकं शांतपणे करायलेत, त्याचीच भीती वाटते. उद्या माझी पाळी आली तर? या वयात नवऱ्यानंच हाताला धरून बाहेर ठेवलं तर मी कुठं जाऊ? काही औषध असेल तर कळव.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी अक्का,
तुंगा

पुणे
२४ सप्टेंबर २०२४

ती. तुंगाअक्कास संकर्षणचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्याशी खोटं बोलणार नाही. गेलेलं परत आणणारं औषध अजून कुणाकडंच नाही.

आपल्या मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. राखणदार म्हण किंवा झाडूवाले म्हण. बाहेरून आलेला जंतू मारायचा, कचरा गिळायचा, लहानपणी पेशींमधले नको असलेले जोड छाटायचे, हे त्यांचं काम. भावोजींसारख्या आजारात त्या बिथरतात आणि चांगले, कामाचे जोडही खाऊ लागतात. कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद कुणाकडं मागायची? सगळा दोष त्यांचा नसेल, पण त्यांचा हात आहे असं आम्हाला दिसतंय.

तुझं पत्र आलं त्या दिवशी त्याच पेशी पडद्यावर बघत होतो. बारीक हात लांब करतात, शेजारच्याला चाचपतात, थांबतात. मग पुढं सरकतात, नाहीतर गिळतात. हे मी रोज बघतो गं. त्या दिवशी मात्र जयतीर्थ भावोजीच चालताना दिसायला लागले आणि मी खोलीतून उठून गेलो.

त्यांच्याशी वाद घालू नकोस. दसऱ्याच्या गोंबे, त्या बाहुल्या, नेहमीसारख्या पायऱ्यांवर मांड. ओळखीचं दिसलं तर त्यांना बरं वाटेल.

रागावत राहा, म्हणजे तू ठीक आहेस हे मला कळतं.

तुझा,
संकर्षण

अग्रहार, म्हैसूर
८ ऑक्टोबर २०२४

चि. संकर्षण यास अ. उ. आ.

तुझ्या शहाणपणानं गोंबे मांडल्या. बाहुल्यांच्या पायऱ्यांसमोर हे उभे राहिले, अगदी पिकलेल्या शेताच्या बांधावर राहायचे तसे. मग त्यातल्या तीन उचलून बाहेर ठेवल्या. शेजारची वरलक्ष्मी हळदीकुंकवाला आली ती ओरडलीच, की या तिच्याच घरच्या, गेल्या वर्षी आवरताना आमच्या पेटीत आलेल्या. मलाही ठाऊक नव्हतं! यांचं चुकतंय असं मी समजत होते रे. चुकत नसेल तर?

त्यानंतर माझ्याकडे वळले. भाताची लोंबी धरावी तशी माझ्या कानाची पाळी दोन बोटांत धरली, डोळे बारीक करून बघितलं. मी श्वास सोडला नाही. मग पाळी सोडली आणि पुढं गेले. मी राहिले, संकर्षण! त्या दिवशी शेवयाची खीर केली. तुझ्या त्या झाडूवाल्यांना सांग, तुंगाबाई या घरच्याच आहेत म्हणावं.

आशीर्वाद आहेतच.

अक्का

पुणे
१४ ऑक्टोबर २०२४

ती. अक्कास सा. न. वि. वि.

खीर माझ्या वाटणीचीही खाल्ली असशीलच. पण अक्का, सोडलं म्हणजे ओळखलं, असं समजू नकोस. मी रजा टाकलीय, महिनाअखेरीस येतो. तोवर नमिताला बोलावून घे.

संकर्षण

अग्रहार, म्हैसूर
२१ ऑक्टोबर २०२४

चि. संकर्षण यास अ. उ. आ.

नमिता आलीय. तिला यांनी बाहेर ठेवलं नाही.

परवा सकाळी कपाटाच्या आरशासमोर थांबले. बराच वेळ. स्वतःच्या कानाची पाळी धरून बघितली. मग पाय धुतले, उपरणं घडी करून खांद्यावर टाकलं आणि उंबरा ओलांडून जगलीवर जाऊन बसले, तांब्याच्या शेजारी.

मी आत चला म्हटलं. हात जोडून मला म्हणाले की, बाई, आत पीक फार चांगलं आहे, मी या वाणाचा नाही, माझ्यामुळं बियाणं बिघडेल. इतके दिवस राहू दिलंत, उपकार झाले. तुझंच खरं रे. मला ओळखून सोडलं नव्हतं त्यांनी. हाताला धरून ओढलं तर थरथर कापतात, म्हणून आम्ही ओढत नाही. जेवण बाहेरच नेतो.

निघायलाच टेकले होते. पण न सांगता जाणं बरं नव्हे, घरच्या यजमानांचा निरोप घ्यायचाय, म्हणाले. ते कुठं आहेत, असं मला विचारलं.

मी सांगितलं, कृष्णराजनगरला शेतं बघायला गेलेत, येतीलच.

तेव्हापासून रस्त्याकडं बघत बसलेत. रोज विचारतात, रोज मी तेच सांगते, आणि ते थांबतात. तू लवकर ये.

तुझी,
तुंगाअक्का